ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल बदलण्याचा योग्य क्रम : युरोपीय आणि जपानी गाड्यांसाठी

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचे ऑइल बदलले आणि गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालू लागली, ही तक्रार वारंवार ऐकू येते. गिअर पडताना झटका बसतो, ‘डी’त टाकल्यावर गाडी क्षणभर अडखळून मग ओढते, घाटात इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही. मग ठपका नव्या ऑइलवर येतो, आणि गाडी युरोपीय असेल तर ‘या गाड्या आपल्याकडे टिकतच नाहीत’ असा निकालही लागतो. अशा तक्रारींच्या मुळाशी बहुधा चार चुका असतात: गिअरबॉक्स नीट न ओळखणे, चुकीच्या प्रतीचे ऑइल भरणे, प्लग उघडण्याचा क्रम चुकणे आणि ऑइलची पातळी भलत्याच तापमानाला पाहणे. चारही चुका युरोपीय गाडीत होतात तशाच जपानी गाडीतही होतात. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत.

टप्पा १ : बॉनेटवरचे चिन्ह नव्हे, गिअरबॉक्स ओळखा

गाडी युरोपीय आहे म्हणून गिअरबॉक्सही युरोपीय असणार, हे गृहीत धरू नये. स्कोडा कुशाक आणि स्लाव्हिया २०२१-२२ मध्ये आल्या तेव्हा त्यांच्या १.० टीएसआय इंजिनासोबत दिलेला सहा गिअरचा ऑटोमॅटिक जपानच्या आयसिन कंपनीचा होता. व्होल्वोच्या अनेक गाड्यांतला आठ गिअरचा ऑटोमॅटिकही आयसिनचाच आहे. उलट, मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत आणलेली एएमटी यंत्रणा इटलीच्या मॅग्नेटी मरेलीची होती (एएमटी, सीव्हीटी, डीएसजी म्हणजे काय ते याच टप्प्यात पुढे येते). त्यामुळे ‘युरोपीय की जपानी’ हा प्रश्न गाडीपेक्षा गिअरबॉक्सला विचारलेला बरा.

मॉडेलचे नाव सांगूनही काम भागत नाही. होंडा सिटीचेच पाहा. २००८ च्या आधीच्या पिढीत सीव्हीटी होता, २००८ नंतरच्या पिढीत पाच गिअरचा ऑटोमॅटिक आला आणि २०१४ पासून पुन्हा सीव्हीटी आला. नाव एकच असले तरी यंत्रणा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची ऑइलेही वेगवेगळी आहेत. मारुती बलेनोत आधी सीव्हीटी होता, २०२२ पासून एएमटी आहे. फोक्सवॅगन पोलोच्या जुन्या जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा डीएसजी होता, तर नंतरच्या १.० टीएसआयमध्ये आयसिनचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक आला. ‘पोलो ऑटोमॅटिकचे ऑइल द्या’ एवढेच सांगून दुकानातून डबा आणणाऱ्याची पहिली चूक तिथेच होते.

आपल्याकडे ऑटोमॅटिक गाड्यांत मुख्यतः चार प्रकार आढळतात.

टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक: आयसिन, झेडएफ आणि मर्सिडीजचे गिअरबॉक्स बहुतांशी याच प्रकारचे. यात एटीएफ हे ऑइल ताकद वाहून नेते, क्लच दाबते, वंगणही करते आणि उष्णताही काढून नेते.

सीव्हीटी: यात ठरावीक गिअर नसतात; पोलादी पट्टा किंवा साखळी दोन पुलींमध्ये फिरते. टोयोटा आणि मारुतीच्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांतील ‘ई-सीव्हीटी’ नावाने सारखा असला तरी त्यात पट्टाच नसतो, म्हणून त्याला साध्या सीव्हीटीचे नियम लावू नयेत.

ड्युअल क्लच: फोक्सवॅगन आणि स्कोडा याला डीएसजी म्हणतात. ऑइलात बुडालेल्या क्लचचा (उदाहरणार्थ सहा गिअरचा डीक्यू२५०) आणि कोरड्या क्लचचा (सात गिअरचा डीक्यू२००) असे दोन वेगळे प्रकार त्यात आहेत.

एएमटी: हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. यात एटीएफ लागतच नाही. मॅन्युअलचे गिअर ऑइल वेगळे आणि गिअर टाकणाऱ्या हायड्रॉलिक यंत्राचे ऑइल वेगळे असते.

फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत गिअरबॉक्सचे सांकेतिक अक्षर सर्व्हिस बुकात आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्याजवळच्या स्टिकरवर असते. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजमध्ये ते गिअरबॉक्सच्या अंगावरच्या पट्टीवर सापडते. जपानी गाड्यांसाठी चॅसी क्रमांक अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर दिला की गिअरबॉक्सचा प्रकार आणि ऑइलची प्रत दोन्ही कळतात.

तपासणी: गिअरबॉक्सचा संकेत, ऑइलची नेमकी प्रत, काढल्यावर भरावयाचे लिटर आणि पातळी पाहण्याचे तापमान, या चार गोष्टी कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा २ : ऑइल बदलावे का, आणि कधी

काही कंपन्या गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ असल्याचे सांगतात. हा दावा मालकाने जसाच्या तसा घेऊ नये. बीएमडब्ल्यूने झेडएफ ८एचपी गिअरबॉक्ससाठी वर्षानुवर्षे हेच सांगितले, परंतु तो गिअरबॉक्स घडवणारी झेडएफ स्वतः मात्र वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलण्याची शिफारस करते. बनवणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे म्हणणे वेगळे असेल, तर बनवणाऱ्याचे ऐकावे. डीक्यू२५० डीएसजीसाठी ६०,००० किलोमीटर हा कंपनीनेच ठरवलेला टप्पा आहे आणि तो चुकवणे महागात पडते. जपानी गाड्यांच्या पुस्तिकांत बहुधा सामान्य आणि कठीण वापराचे वेगळे आकडे असतात. मुंबई-पुण्याची कोंडी, वारंवार घाट आणि उन्हाळ्यात भरलेली गाडी हा कठीण वापरच होय, म्हणून दोन आकड्यांतला लहान आकडा पाळावा.

उष्णता हे ऑइलचे सर्वांत मोठे वैरी आहे, आणि ते केवळ ऑइल काळे करण्यापुरते थांबत नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने डीक्यू२०० गिअरबॉक्सच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या. उष्ण-दमट हवामानात, सतत थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत त्यातील सिंथेटिक ऑइलामुळे विद्युत बिघाड होऊ शकत होता, म्हणून त्याजागी मिनरल ऑइल भरण्यात आले. ठाण्याच्या किंवा पनवेलच्या रस्त्यावरच्या गाडीला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. अशी जुनी गाडी विकत घेताना हे काम झाल्याची नोंद मागावी. मात्र डीक्यू२०० चा क्लच कोरडा असतो. त्यात गिअरचे ऑइल सुमारे १.७ लिटर आणि मेकॅट्रॉनिकचे (गिअर बदलणाऱ्या हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक भागाचे) ऑइल वेगळे असते, आणि त्याला डीक्यू२५० सारखे नियमित ऑइल बदलण्याचे वेळापत्रक नाही. ‘डीएसजी सर्व्हिस’ म्हणून सरसकट पॅकेज विकले जात असेल, तर गाडीत कोणता डीएसजी आहे हे आधी विचारावे.

या एका उदाहरणावरून युरोपीय गाड्या कमकुवत असे ठरत नाही. होंडाने २००४ मध्ये अमेरिकेत सुमारे ११ लाख गाड्या दुसऱ्या गिअरच्या अतिउष्णतेमुळे परत बोलावल्या होत्या. निसानला तेथेच जुन्या सीव्हीटींची हमी दहा वर्षांपर्यंत वाढवून द्यावी लागली होती. माझ्या मते दोघांतला खरा फरक असा की, जुन्या पद्धतीचा जपानी टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक थोडीफार हयगय सहन करतो, आणि डीएसजी किंवा सात-आठ गिअरचे जर्मन ऑटोमॅटिक ती सहन करत नाहीत. जपानी सीव्हीटी या बाबतीत जर्मन गिअरबॉक्सच्या पंगतीलाच बसतो, हे मात्र मालक विसरतात.

सावधान: गिअरबॉक्स आधीच घसरत असेल, म्हणजे एक्सलरेटर दाबूनही इंजिन नुसतेच फिरत असेल, तर ऑइल बदलून तो बरा होईल या आशेवर काम सुरू करू नये. आधी स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचावेत, ऑइलची पातळी आणि वास तपासावा आणि मगच निर्णय घ्यावा. दीर्घकाळ ऑइल न बदललेल्या गिअरबॉक्सवर यंत्राने दाबाचे ‘फ्लशिंग’ करून घेणे मला धोक्याचे वाटते, कारण साचलेली घाण सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकू शकते.

पुरात अडकलेली गाडी: पाणी गिअरबॉक्सच्या श्वासनळीपर्यंत (आतली हवा बाहेर जाण्याच्या नळीपर्यंत) पोहोचले असेल, तर किलोमीटरचा हिशोब बाजूला ठेवावा. गाडी चालू न करता, चाके जमिनीला न लागू देता, सपाट ट्रकवरून न्यावी आणि ऑइल काढून पाहावे. ते गुलाबी-दुधाळ दिसले तर पाणी गेले आहे. पुरात न सापडलेल्या गाडीत ऑइल असे दिसले, तर रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट मिसळल्याची शक्यता असते. दोन्ही प्रसंगी एकदा ऑइल बदलून भागत नाही.

टप्पा ३ : ऑइलची प्रत ठरवा

डब्यावर ‘सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी’ असे लिहिलेले ऑइल स्वस्त मिळते आणि तेवढेच ते त्रासदायक ठरते. क्लच किती घट्ट पकडेल हे ऑइलच्या घर्षणगुणावर अवलंबून असते आणि गिअरबॉक्सच्या संगणकाने त्याच गुणावर आपला दाब बेतलेला असतो. काही नेहमीच्या जोड्या सांगतो. पाच गिअरच्या होंडा ऑटोमॅटिकला एटीएफ डीडब्ल्यू-१ आणि नव्या सीव्हीटीला एचसीएफ-२ लागते. टोयोटाच्या अनेक ऑटोमॅटिकांना डब्ल्यूएस लागते. निसानच्या सीव्हीटीला प्रकारानुसार एनएस-२ किंवा एनएस-३ लागते. डीक्यू२५० ला जी ०५२ १८२, आणि फोक्सवॅगन-स्कोडातल्या आयसिनच्या ०९जी गिअरबॉक्सला जी ०५५ ०२५ या क्रमांकाचे ऑइल सांगितलेले आहे. मर्सिडीजच्या ७जी-ट्रॉनिक प्लसला २३६.१५ मंजुरीचे ऑइल लागते. आधीच्या ७जी-ट्रॉनिकसाठीचे २३६.१४ त्यात भरू नये.

सावधान: सीव्हीटीत साधे एटीएफ भरणे ही या कामातील सर्वांत घातक चूक आहे. पट्टा आणि पुली यांची पकड त्या ऑइलात टिकत नाही, पट्टा घसरतो आणि पुलीवर ओरखडे उमटतात. नंतर योग्य ऑइल भरले तरी ते ओरखडे जात नाहीत.

बनावट ऑइलाचा धोका आपल्या बाजारात खरा आहे. डबा अधिकृत काउंटरवरून किंवा ओळखीच्या वितरकाकडून घ्यावा, सील आणि बॅच क्रमांक पाहावा, डबे आपल्यासमोर उघडायला सांगावेत आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत टाकू देऊ नयेत. पातळीबद्दल शंका आल्यास किती लिटर भरले गेले हे त्या डब्यांवरूनच कळते.

टप्पा ४ : तयारी

गाडी सर्व बाजूंनी सारखी उचलता येईल असा रॅम्प किंवा लिफ्ट असल्याशिवाय हे काम घेऊ नये. पुढून जॅक लावून नाक वर केलेल्या गाडीत पातळी कधीच बरोबर येत नाही. घरच्या घरी करायचे असेल, तर चारही बाजूंना मजबूत स्टँड द्यावेत आणि स्पिरिट लेव्हलने गाडी समतल असल्याची खात्री करावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये.

गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान दाखवणारा स्कॅनर, नवे वायसर, लागत असल्यास नवा फिल्टर आणि चेंबरचे (गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या पात्राचे) पॅकिंग, लिटरच्या खुणा असलेले स्वच्छ भांडे, भरण्याचा हातपंप, टॉर्क रेंच आणि ॲलन किंवा टॉर्क्सच्या अचूक मापाच्या चाव्या एवढे साहित्य हाताशी ठेवावे. स्कॅनर नसेल तर चेंबरवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून अंदाज घेतात, पण तो धातूच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवतो, आतल्या ऑइलचे नव्हे. मोठ्या खर्चाच्या गिअरबॉक्ससाठी एवढ्यावर विसंबू नये.

वेळही आधीच ठरवावी. पातळी ३५ ते ४५ अंशांदरम्यान पाहायची असेल आणि गाडी नुकतीच एक्सप्रेसवेवरून आली असेल, तर गिअरबॉक्स थंड व्हायला काही तास लागतात. मे महिन्यात अकोला, नागपूर किंवा चंद्रपूरला दुपारी हवाच ४५ अंशांच्या आसपास असते, म्हणजे त्या मर्यादेत काम करण्यास वावच उरत नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात हे काम पहाटे, रात्रभर उभ्या गाडीवर करावे.

टप्पा ५ : आधी भरण्याचा प्लग, मग काढण्याचा

हा नियम छोटा आहे आणि सर्वाधिक मोडला जातो. खालचा प्लग उघडून ऑइल काढून टाकले आणि मग कळले की भरण्याचा प्लग गंजून घट्ट बसला आहे किंवा त्याचे आटे गेले आहेत, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. म्हणून भरण्याचा प्लग आधी सैल करून पाहावा. तो सुटला की हाताने परत लावावा आणि मगच खालच्या प्लगकडे वळावे. सुटत नसेल तर गाडीत ऑइल आहे तोवरच ती दुसऱ्या गॅरेजला नेता येते.

कोणता प्लग कशाचा, हेही खात्रीने ठरवावे. एकाच भागात इंजिनाचा, गिअरबॉक्सचा आणि काही गाड्यांत डिफरन्शियलचा प्लग जवळजवळ असतात. इंजिन ऑइल बदलताना चुकून सीव्हीटीचा प्लग उघडणे आणि मग इंजिनात दुप्पट ऑइल भरणे, हे प्रकार घडतात.

टप्पा ६ : ऑइल काढा, मोजा, वाचा

आयसिनचा गिअरबॉक्स असलेल्या फोक्सवॅगन-स्कोडा गाडीत चेंबरचा खालचा प्लग उघडला की थोडेसे ऑइल सांडते आणि धार थांबते. इथे अनेक जण समजतात की गिअरबॉक्स रिकामा झाला. भोकात टॉर्च मारून पाहिले तर आत एक उभी नळी दिसते. ती पातळी मोजण्यासाठीची नळी आहे; तिच्या तोंडाच्या वर असलेले ऑइलच तेवढे सांडलेले असते. ॲलन चावीने ती नळी आतून सोडवली की खरे ऑइल येऊ लागते. टोयोटाच्या पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या अनेक सहा-गिअर ऑटोमॅटिकांतही हीच रचना सापडते. डीक्यू२५० मध्येही खालच्या प्लगच्या आत अशीच नळी असते. नळी नीट परत बसवणे विसरले, तर पुढे पातळी पाहण्याचे काम फसते.

काढलेले ऑइल मापाच्या भांड्यात घेऊन लिटर लिहून ठेवावे. पूर्वी ऑइल कमी होते की जास्त, गळती होती की नाही, याचा हा पहिला पुरावा असतो. रंगावरून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण अनेक नवी एटीएफ लवकरच गडद होतात. जळका वास मात्र गांभीर्याने घ्यावा.

टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्समधून एका वेळी सगळे ऑइल येत नाही. बरेचसे कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. समजा एकूण आठ लिटर ऑइल असून साडेतीन लिटर निघाले, तर एका बदलानंतर नवे ऑइल सुमारे ४४ टक्के, दुसऱ्यानंतर ६८ आणि तिसऱ्यानंतर ८२ टक्के होते. मध्ये काही दिवस गाडी चालवून असे दोन-तीन बदल करणे, हा जुन्या दुर्लक्षित गाडीसाठी मला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो. डीक्यू२५० मध्ये कन्व्हर्टर नसल्याने सुमारे सात लिटरपैकी पाच ते साडेपाच लिटर एकदाच बदलले जाते आणि बाहेरून बसवलेला फिल्टरही त्याच वेळी बदलायचा असतो.

टप्पा ७ : चेंबर, चुंबक आणि फिल्टर

चेंबर उघडणे आवश्यक असेल तरच उघडावे. आत बसवलेली चुंबके काढून बोटांवर चोळून पाहावीत. बारीक, राखाडी, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. त्यात चमकणारे, बोटाला टोचणारे तुकडे किंवा धातूचे पापुद्रे आढळले, तर नुसते ऑइल भरून गाडी परत देऊ नये. आत काहीतरी तुटत आहे.

झेडएफ ८एचपी मध्ये चेंबर प्लॅस्टिकचा असून फिल्टर त्यातच जोडलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकत्रच बदलावे लागतात. जुनाच चेंबर धुऊन परत बसवल्यास फिल्टरही जुनाच राहतो. मर्सिडीजच्या जुन्या पाच-गिअर ७२२.६ मध्ये गिअरबॉक्सला जोडणाऱ्या विजेच्या कनेक्टरच्या रबरी रिंगा थकतात आणि ऑइल वायरीतून झिरपत थेट संगणकापर्यंत पोहोचते; चेंबर उघडलेलाच असताना तो कनेक्टर बदलणे स्वस्त पडते. झेडएफच्या जुन्या ६एचपी मध्येही मेकॅट्रॉनिकच्या कनेक्टरची बाही याच वेळी तपासावी.

चेंबरचे बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने, पुस्तिकेतल्या टॉर्कलाच आवळावेत. अंदाजाने जोर लावला तर ॲल्युमिनियममधले आटे जातात आणि ते दुरुस्त करणे ऑइल बदलण्याहून खर्चिक असते.

टप्पा ८ : भरणे

पुस्तिकेत सांगितलेले किंवा काढलेले, यांपैकी पटणाऱ्या आकड्याइतके ऑइल आधी भरावे. काढलेले ऑइल पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा स्पष्टपणे कमी असेल, तर आधीच ऑइल कमी होते असे समजावे आणि पुस्तिकेचा आकडा पाळावा. कमी असण्याचे कारण शोधेपर्यंत काम पूर्ण झाले असे मानू नये.

बाजूच्या प्लगमधून भरल्या जाणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, विशेषतः ८एचपी मध्ये, इंजिन बंद असताना ऑइल बाहेर येईपर्यंत भरले म्हणजे भरणे झाले, असे नसते. इंजिन सुरू होताच पंप कन्व्हर्टरमध्ये ऑइल ओढतो आणि पातळी झपाट्याने खाली जाते, म्हणून इंजिन सुरू केल्यावर लगेच उरलेले ऑइल भरत राहावे लागते. या टप्प्यावर दोन माणसे हवीतच: एक गाडीत, एक खाली.

सावधान: पातळी तपासल्याशिवाय गाडी थोडीही चालवू नये, अगदी गॅरेजच्या आवारातही नाही.

टप्पा ९ : तापमान आणि पातळी

सगळ्या प्रक्रियेत सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये. एटीएफ तापले की फुगते. आठ लिटर ऑइल ४० अंशांवरून ८० अंशांवर गेले, तर ते सुमारे पाव लिटरने वाढते. म्हणजे ४० अंशांना पाहायची पातळी गरम गिअरबॉक्सवर पाहिली, तर पाव लिटर ऑइल उगाच वाहून जाते आणि ते कायमचे कमी पडते. उलट, फार थंड असताना पाहिले तर ऑइल जास्त राहते. कमी ऑइलात पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरून जळतात. जास्त ऑइल फिरत्या भागांमुळे घुसळले जाऊन त्यात फेस होतो आणि परिणाम शेवटी तोच होतो.

क्रम असा ठेवावा. गाडी समतल असावी, एसी बंद असावा, स्कॅनर जोडलेला असावा. इंजिन सुरू करून ब्रेक दाबून गिअर लीव्हर प्रत्येक जागेवर तीन ते पाच सेकंद थांबवत फिरवावा आणि ‘पी’वर आणावा. इंजिन चालू ठेवूनच, तापमान सांगितलेल्या मर्यादेत शिरताच, पातळीचा प्लग उघडावा. ऑइल धारेने आले तर ती बारीक होऊन थेंब-थेंब होईपर्यंत थांबावे आणि लगेच नवा वायसर घालून प्लग लावावा. काहीच आले नाही, तर ऑइल कमी आहे. थोडे भरून पुन्हा पाहावे. मर्यादा ओलांडली गेली, तर प्लग लावून, इंजिन बंद करून गिअरबॉक्स थंड होऊ द्यावा आणि पुन्हा सुरुवात करावी. ‘दोन-चार अंशच जास्त आहे’ म्हणून पुढे जाऊ नये.

मर्यादा गिअरबॉक्सप्रमाणे बदलते. डीक्यू२५० आणि आयसिन ०९जी यांसाठी ती ३५ ते ४५ अंश आहे, झेडएफ ८एचपी साठी ३० ते ५० अंश. मर्सिडीज ७२२.६ मध्ये प्लगऐवजी गॅरेजची खास मापपट्टी नळीत घालून पाहतात; तिच्यावर २५ आणि ८० अंशांच्या वेगळ्या खुणा असतात, आणि खरी पातळी ८० अंशांना ठरवावी. मुंबईच्या हवेत ३५ ते ४५ हा टप्पा काही मिनिटांतच निघून जातो, त्यामुळे प्लगची चावी आणि नवा वायसर आधीच हातात असावेत.

होंडाच्या डिपस्टिक असलेल्या ऑटोमॅटिकांत पद्धत वेगळी आहे आणि इथेच युरोपीय गाड्यांची सवय असलेला मेकॅनिक चुकतो. इंजिन गरम होऊन रेडिएटरचा पंखा चालू होईपर्यंत थांबावे, इंजिन बंद करावे आणि बंद केल्यापासून ६० ते ९० सेकंदांच्या आत पट्टी पाहावी. इंजिन चालू ठेवून पाहिलेली पातळी या गाडीत चुकीची ठरते.

तपासणी: भरलेले एकूण लिटर आणि थेंबांनी ठरलेली पातळी यांचा मेळ बसतो का, हे पाहावे. पुस्तिकेपेक्षा एक लिटर कमी भरून प्लगमधून ऑइल वाहत असेल, तर बहुधा आतली नळी नीट बसलेली नाही, गाडी कललेली आहे किंवा इंजिन बंद आहे.

टप्पा १० : संगणकाची नोंद आणि चाचणी

निसानच्या सीव्हीटीत ऑइल किती खराब झाले याचा हिशोब संगणक ठेवतो. नवे ऑइल भरल्यावर तो स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो. मरेलीच्या एएमटीत हायड्रॉलिक ऑइल बदलल्यास हवा काढण्याची प्रक्रियाही स्कॅनरनेच करावी लागते. इतर गिअरबॉक्समध्ये अ‍ॅडॅप्टेशन सरसकट पुसू नये. ऑइल बदलण्यापुरतेच काम झाले असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर संगणकाने शिकलेले दाब तसेच राहू द्यावेत. पुसलेच, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे शिकवण्याची फेरी पूर्ण करावी, नाहीतर काही दिवस झटके जाणवतील.

पहिली चाचणी सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने घ्यावी आणि प्रत्येक गिअर वर-खाली पडताना लक्ष द्यावे. मग गाडी रात्रभर स्वच्छ पुठ्ठ्यावर उभी ठेवून सकाळी खाली डाग पडला का ते पाहावे. घाटातली भरल्या गाडीची फेरी त्यानंतरच करावी.

जुने ऑइल गटारात किंवा ओढ्यात ओतू नये. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, म्हणून ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून अधिकृत पुनर्प्रक्रियादाराकडे देणाऱ्या गॅरेजकडेच सोपवावे. सर्व्हिस बुकात तारीख, किलोमीटर, ऑइलचा क्रमांक, काढलेले आणि भरलेले लिटर आणि पातळी पाहतानाचे तापमान लिहून मेकॅनिकची सही घ्यावी. सेकंड-हँड युरोपीय किंवा जपानी ऑटोमॅटिक घेणाऱ्यानेही विक्रेत्याकडे याच सहा नोंदी मागाव्यात, आणि त्या नसतील तर खरेदीच्या किमतीत गिअरबॉक्सच्या पूर्ण सर्व्हिसचा खर्च आधीच वजा धरावा.